एकतीस दिवस, बेचाळीस रात्री : मे महिन्याच्या सुट्टीत घराने मिळून काय वाचावे?

पडवी | २२ एप्रिल

यंदा बऱ्याच वर्षांनी आम्ही सगळी भावंडे मे महिना दापोली तालुक्यातील मूळ घरी काढणार आहोत. नोकरी करणारे आळीपाळीने येतील आणि जातील. मी शाळेत शिकवतो, त्यामुळे आत्या, मुले आणि मी असे पूर्ण महिनाभर तेथेच असू. सगळ्यांत लहान पुतणी ६ वर्षांची, सगळ्यांत मोठी आत्या ७८ वर्षांची, आणि घर भरलेले असेल त्या दिवशी पानावर तेरा माणसे.

आमच्या लहानपणी या घरात पुस्तके मोजून अकरा होती. ती पत्र्याच्या ट्रंकेत असत, एप्रिलच्या शेवटी ट्रंक उघडली जाई आणि वाळवीने यंदा कोणाचा घास घेतला हे पाहण्याचा एक सोहळाच होई. पुस्तके थोडी आणि मुले फार, म्हणून कोणीतरी मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, हा नियम कोणी केलेला नसून गरजेतून पडलेला होता. आता प्रत्येकाच्या हातात स्वतःचा पडदा आहे आणि प्रत्येक जण काहीतरी वाचतो, हेही खरे. पण कोणी काय वाचले याचा दुसऱ्याला पत्ता नसतो.

म्हणून या महिन्यात एक तरी पुस्तक सगळ्या घराने मिळून ऐकावे असे मनात आहे. माझी पहिली पसंती ‘श्यामची आई’ला आहे, आणि ती केवळ भाविकतेपोटी नाही. साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि प्रकरणांना प्रकरण न म्हणता ‘रात्र’ म्हटले. श्याम रोज रात्री थोडे सांगतो आणि बाकीचे ऐकतात, अशीच त्याची मुळातली बांधणी आहे, म्हणजे ते मोठ्याने वाचण्यासाठीच घडवल्यासारखे आहे. शिवाय गुरुजींचे पालगड आमच्याच तालुक्यातले. अडचण एकच, रात्री ४२ आहेत आणि मे महिन्याचे दिवस ३१.

आपल्याकडे मे महिन्यात घराने मिळून काय वाचले, पाहिले, ऐकले जाते, ते कृपया सविस्तर लिहावे.

सदाशिवी चष्मा | २२ एप्रिल

बेत उत्तम आहे; मात्र पूर्ण मे महिना गावी काढणे म्हणजे पुण्यातल्या एका गोष्टीला मुकणे होय, आणि ती आमच्या घरी न चुकणारी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला २१ एप्रिल ते २० मे अशी महिनाभर चालते. माझे वडील टिळक स्मारक मंदिरात रोज ठरलेल्या खुर्चीवर बसत, आणि घरी आल्यावर वक्त्याने काय सांगितले ते जेवताना आम्हाला पुन्हा सांगत. वक्त्यापेक्षा त्यांचे व्याख्यान लांबे, असे आई म्हणत असे. आमच्या दृष्टीने तेही सामूहिक वाचनच होते. एकाने ऐकायचे आणि पाच जणांना पोचवायचे.

पुण्याहून येणाऱ्या आपल्या भावंडांनी वाईकडून पाचगणी, महाबळेश्वर, पोलादपूर, खेड असा रस्ता धरला तर वाटेत भिलार लागते. ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून त्याचे उद्घाटन झाले. पुस्तके गावकऱ्यांच्या घरांत, देवळात, शाळेत विषयवार मांडलेली आहेत आणि तेथे बसून फुकट वाचता येते. विकत मिळत नाहीत, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे; माझ्या नातवाने एका पडवीत त्यावरून फार मोठा आकांत मांडला होता.

विंगेतून | २३ एप्रिल

निघण्यापूर्वी एक बालनाट्य अवश्य पाहून घ्यावे. मुंबई-ठाण्याकडे मे महिना हा बालनाट्यांचा हंगाम असतो आणि सकाळच्या प्रयोगाला नाट्यगृहाचा निम्मा प्रेक्षकवर्ग खुर्चीवर उभा असतो. रत्नाकर मतकरींची चेटकीण आमच्या पिढीने दिलीप प्रभावळकरांच्या रूपात पाहिली, आणि ‘अलबत्या गलबत्या’ २०१८ मध्ये पुन्हा रंगमंचावर आले तेव्हा आमच्या मुलांनी ती वैभव मांगले यांच्या रूपात पाहिली. मुलांना नंतर संहिता हाती दिली की ती आपोआप वाचतात, कारण कोणी कोणते पात्र घ्यायचे यावरून भांडायचे असते. वाचनाची माझ्या माहितीतली सर्वांत खात्रीची युक्ती हीच आहे.

बडोदेकर | २३ एप्रिल

पत्र्याच्या ट्रंकेवरून आठवले. सयाजीराव महाराजांच्या काळात बडोदे संस्थानाने गावोगावी फिरती ग्रंथालये चालवली. पुस्तके लाकडी पेट्यांतून पाठवली जात आणि एका गावचे वाचन झाले की पेटी परत येई. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात ही हकीकत ऐकल्यापासून आमच्या घरी मे महिन्याची पेटी निघते. आंब्याची रिकामी लाकडी पेटी, तीत ३० पुस्तके, वर एक नोंदवही, आणि घरातील दहा वर्षांचे मूल ग्रंथपाल. पुस्तक नेताना आजोबांनासुद्धा सही करावी लागते. गेल्या वर्षी आमच्या ग्रंथपालबाईंनी चार दिवस उशीर केल्याबद्दल आजोबांकडून दोन आंबे दंड वसूल केला, आणि दंडाची नोंद वहीत आजही आहे.

पुस्तके निवडताना निम्मी मुलांनी निवडावीत. ‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत, त्यांतले काही छापून, दाभणाने शिवून पेटीत घातले तर मोठी माणसेच आधी पळवतात, असा अनुभव आहे.

चौथी पंगत | २४ एप्रिल

धागा वाचून आनंद झाला, तरीही एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. ‘कोणीतरी मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे’ असे आपण लिहिले आहे. त्या बाकीच्यांत आपली आई, काकू आणि आत्या होत्या का, हे कृपया आठवून लिहावे.

माझ्या आजोळीही मे महिन्यात पंचवीस माणसे जमत. आई पहाटे पाचला उठे, दिवसातून चार वेळा चहाचे आधण चढे, मुलांची पंगत, पुरुषांची पंगत, आल्यागेल्याची पंगत, आणि मग चौथ्या पंगतीला या बायका बसत, तेव्हा आमरसाच्या पातेल्याला कोयी तेवढ्या उरलेल्या असत. आईने शहरातून निघताना ग्रंथालयातून एक जाडजूड कादंबरी आणलेली असे, कारण सुट्टीत वाचू असे तिला दर वर्षी खरोखरच वाटे. परतीच्या गाडीत मी त्या कादंबरीतली खूण पाहिली होती. ती बाराव्या पानावर होती. पुढच्या वर्षी तीच कादंबरी पुन्हा आणली गेली.

आता आपण पुस्तक निवडले आहे ते असे की, त्यातली आई पहाटेपासून रात्रीपर्यंत राबते. ते पडवीत वाचले जाईल, मुले आणि पुरुष डोळे पुसतील, आणि मागे स्वयंपाकघरात तेरा माणसांची भांडी वाजत असतील. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मी खोडसाळपणे लिहीत नाही. सुट्टी कोणाची, हे आधी ठरले तर पुस्तक कोणते, हे ठरवायला सोपे जाईल.

पडवी | २४ एप्रिल

चौथी पंगत, आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘नव्हत्या’ असे आहे. काल रात्री आत्याला दूरध्वनी करून विचारले. ती म्हणाली, “अरे, मला त्या अकरांतली चार माहीत आहेत, भिंतीपलीकडून. शेवट मात्र एकाचाही नाही, तुम्ही शेवटाला आलात की आमची दूध तापवायची वेळ व्हायची.” यावर काय लिहावे ते मला सुचत नाही. स्वयंपाकाला बाई मिळते का ते पाहतो आहे. पण प्रश्न त्याने पुरा सुटत नाही, याची जाणीव आहे.

कुरडई | २५ एप्रिल

नागपूरकडची रीत सांगते, कदाचित उपयोगी पडेल. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडण्याचा प्रश्नच नसतो. २५ मेपासून नवतपा लागला की पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो, आणि सगळे घर कूलरच्या एका खोलीत वाळ्याच्या वासात गोळा झालेले असते. तेथे वाचन होते, पण निम्मे ऐकणारे झोपलेले असतात.

खरे वाचन आमच्याकडे पहाटे, वाळवणाच्या वेळी होते. कुरड्यांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचे, मग वाटून, गाळून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा आणि वरचे पाणी ओतून उजाडण्यापूर्वीच शिजवायला घ्यायचा. शिजताना तो एकसारखा हाटावा लागतो आणि गुठळी झाली तर सगळी मेहनत पाण्यात, त्यामुळे एकीला तेथून हलता येत नाही. दुसऱ्या दोघी ऊन चढण्याच्या आत गच्चीवर साच्यातून कुरड्या घालतात. या सगळ्यांना माझ्या सासूबाईंनी एक वाचक नेमून दिला होता. घरातला जो पुरुष साचा दाबायला कुचकामी ठरेल, त्याने पायरीवर बसून वाचायचे. माझे यजमान सलग तीन वर्षे कुचकामी ठरले आणि त्यामुळे आम्ही तीन कादंबऱ्या ऐकल्या. वाचकाला मजुरी म्हणून वाटीभर गरम चीक, तूप-मीठ घालून.

तात्पर्य, वाचन पडवीत ठेवून बायकांना तेथे बोलावू नका. काम जेथे चालले आहे तेथे पुस्तक न्या. आणि मुलांना पुष्कळ पुस्तके लागतील हेही ध्यानात ठेवा. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, त्यामुळे आमची सुट्टी तुमच्याहून लांब आहे आणि उन्हाळाही.

हुमण | २५ एप्रिल

कुरडई यांनी लिहिले ते गोव्यालाही लागू आहे. आमच्याकडे मे म्हणजे पुरुमेंताचा महिना. पावसाळ्याची बेगमी करायची असते. सुके बांगडे, सोलां, मिरच्या, चिंच, सगळे याच दिवसांत वाळून डब्यात जायचे असते. चिंचेच्या बिया काढण्याचे काम दहा माणसे मिळून करतात, आणि हात गुंतलेले असून कान मोकळे असण्यासारखी दुसरी सोय नाही. आमच्या आजीला वर्तमानपत्रातली मराठी कथा वाचून दाखवावी लागे आणि ती कोकणीत तिच्यावर शेरे मारी.

मुलांना एखादा दिवस पणजीला न्यावे. तेथले मध्यवर्ती ग्रंथालय पोर्तुगीज राजवटीत, १८३२ मध्ये सुरू झालेले आहे. माझ्या मुलीला एवढ्या जुन्या ग्रंथालयात नवेकोरे पुस्तक कसे मिळते याचेच नवल वाटत होते.

पलीकडचा किनारा | २६ एप्रिल

आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. येथे शाळांची सुट्टी जूनमध्ये लागते, त्यामुळे आमची मुले भारतात पोचतात तेव्हा आंबे संपलेले आणि मामेभावंडे शाळेत गेलेली असतात. मे महिन्याची सुट्टी ही गोष्ट मी त्यांना फक्त सांगू शकते.

गेल्या वर्षी मात्र एक प्रयोग केला. मुलांना मराठी बोलता येते, देवनागरी वाचताना ती अडखळतात. आमच्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा साताऱ्यात माझ्या आईकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेआठ झालेले असतात. ती चहा घेऊन पडद्यासमोर बसते आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचून दाखवते. मुलांसाठी ती झोपण्यापूर्वीची गोष्ट आणि आईसाठी दिवसाची सुरुवात, असा हा उलटा संसार आहे. ‘फुरसुंगी’ हे गावाचे नाव ऐकून मुलगा पहिल्या दिवशी इतका हसला की वाचन थांबवावे लागले. पुढच्या भेटीत त्याला ते गाव पुण्याजवळ खरोखरच आहे हे दाखवावे लागले, आणि तेथली वाहतूक पाहून त्याची घोर निराशा झाली.

चौथी पंगत यांच्या आईच्या कादंबरीतील खूण वाचून मात्र मी आज आईला विचारले की, तुला स्वतःला काय वाचायचे आहे. तिने उत्तर द्यायला बराच वेळ घेतला.

सदाशिवी चष्मा | २६ एप्रिल

धाग्यात भर म्हणून एक सहल सुचवतो. दापोलीहून दाभोळ-धोपावे फेरीबोटीने गुहागरकडे, आणि पुढे तवसाळ-जयगड फेरीबोटीने पलीकडे गेले की मालगुंड जवळ येते. १८६६ मध्ये केशवसुतांचा जन्म तेथे झाला. कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेल्या त्यांच्या स्मारकाचे उद्घाटन १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. कविता तेथे दगडावर कोरलेल्या आहेत. उभ्याने, उन्हात, दगडावरची कविता वाचताना मुले ती मोठ्यानेच वाचतात, असे माझे निरीक्षण आहे. दोन फेरीबोटी मिळतात म्हणून ती यायलाही तयार होतात.

पडवी | ३ जून

सुट्टी संपवून परवा परतलो. अनेकांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारले, म्हणून हकीकत लिहितो.

पहिले आठ दिवस माझ्या मूळ बेताप्रमाणे रात्री जेवणानंतर पडवीत वाचन ठेवले आणि ते साफ फसले. स्वयंपाकाला बाई मिळाली नाही. हंगामात गावातल्या सगळ्या हातांना आंब्याचे काम असते. जेवणे नऊला उरकत, आवराआवर साडेदहापर्यंत चाले, ६ वर्षांची श्रोती चौथ्या पानाला झोपे, आणि आत भांडी वाजत. नेमकी तीच भांडी, जी चौथी पंगत यांनी आधीच ऐकली होती. सहाव्या रात्री माझा धाकटा भाऊ वाचन अर्धवट टाकून भांडी घासायला गेला, हे त्यातले बरे.

नवव्या दिवशी रातांबे आले. रातांबा हाताने फोडायचा, बिया आणि गर वेगळा काढायचा, साली उन्हात टाकायच्या. मग रसात बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या, असे अनेकदा केल्यावर आमसुले होतात. तीन टोपल्या होत्या आणि ज्याच्या हाताला काम नाही असा घरात कोणीही उरला नाही. कुरडई यांचा सल्ला आठवून मी पुस्तक घेऊन मागच्या अंगणात गेलो, तर आत्या म्हणाली, “तू फोड, मी वाचते.” तिचे हात जांभळे झालेले होते; ते तिने धुतले, चष्मा लावला, आणि वाचू लागली.

आत्या वाचते कशी, हे आम्हा कोणालाच माहीत नव्हते. ती भरभर, काहीशी कोरडी वाचते, रडवे प्रसंग तर अधिकच कोरडे, आणि मध्येच थांबून “हे काही मला पटत नाही” असे म्हणते. आई रागावते त्या जागी तिने दोनदा श्यामचीच चूक काढली आणि एकदा गुरुजींची. मुले हसत होती, माझा भाऊ मान खाली घालून रातांबे फोडत होता. पत्रावळीची रात्र झाली त्या दिवशी मुलांनी पाने आणि चोया गोळा करून पत्रावळी लावायचा घाट घातला. तेरा लावल्या, त्यांपैकी आमटीला टिकल्या दोन. बाकीच्यांची आमटी कोठे गेली ते लिहिण्यात अर्थ नाही.

हा क्रम सलग अकरा दिवस टिकला. नंतर रातांबे संपले, आंब्याची साठे (आंबापोळी) घालायची झाली त्यात दोन दिवस मिळाले, आणि पुढे लग्नांची आमंत्रणे सुरू झाली तेव्हा तो पुन्हा विसकटला. वहिनींपैकी एकीने स्पष्ट सांगितले की तिला हे पुस्तक ऐकायचे नाही, तिला तिच्या खोलीत दार लावून एक रहस्यकथा वाचायची आहे. आम्ही तिच्या वाटणीचा दुपारचा चहा करू लागलो. तिने महिन्यात नऊ पुस्तके संपवली. आमच्यापैकी कोणीही त्याच्या जवळपास पोचले नाही. बडोदेकर यांची पेटी केली होती, आणि नोंदवहीत सर्वाधिक सह्या तिच्याच आहेत.

पालगडला जाऊन गुरुजींचे जन्मघर पाहून आलो. मुलांना पुस्तकातल्यापेक्षा ते लहान वाटले. मालगुंडला जाणे जमले नाही, भिलारला दोघे जाऊन आले. बालनाट्याची संहिता मात्र फारच चालली. चेटकिणीच्या भूमिकेसाठी आत्याची निवड एकमताने झाली, आणि तिला ती फार लागेल अशी भीती वाटत असतानाच तिने स्वतःच केस मोकळे सोडले.

वाचन तेविसाव्या रात्रीवर थांबले. त्या दिवशी फणस फोडण्याचे काम होते आणि कोणीतरी चीक लागलेल्या हाताने पान उलटले. पाने एकमेकांना चिकटली, ती सोडवायला खोबरेल लावावे लागले, आणि त्या जागी पान आरपार दिसू लागले. आता तेविसाव्या रात्रीतून मागची ओळ उलटी वाचता येते. पुस्तक आमचे नव्हते, गावच्या ग्रंथालयाचे होते. मी नवी प्रत मागवून ती द्यायला गेलो. तेथल्या गृहस्थांनी नवी प्रत नोंदवून घेतली, जुनी उघडून उन्हात धरून पाहिली आणि मला परत दिली.

ती आता आत्याकडे आहे. उरलेल्या १९ रात्री ती दर रविवारी सकाळी दहा वाजता दूरध्वनीवरून वाचणार आहे, आणि त्या वेळी कोणी काय निवडत, सोलत किंवा घासत बसायचे, याचे वेळापत्रक आमच्या पेटीच्या ग्रंथपालबाईंनी लावून दिले आहे. या रविवारी माझ्याकडे लसूण आहे.

चौथी पंगत | ३ जून

आत्यांना माझा नमस्कार सांगावा. आणि त्या अकरांतल्या चार पुस्तकांचे शेवट त्यांना अजून हवे असतील, तर नावे येथे लिहावीत. माझ्याकडे त्यांतली एखादी तरी निघेल.